मशीनइतकंच त्या पट्टीबद्दलही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाण्यातलं कीटकनाशक जागच्या जागी ओळखणाऱ्या, हातात मावणाऱ्या रामन मशीनबद्दल तुमच्या पुरवणीत लेख आला, तो दोनदा वाचला. हा विषय मराठीत आला याचा खूप आनंद झाला. मी स्वतः पाणी तपासणीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतेय. पण लेख वाचून असं वाटतं की मशीन पाण्यावर रोखलं, बटण दाबलं की त्यात काय काय आहे ते स्क्रीनवर येतं. तसं होत नाही, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे म्हणून हे पत्र.

रामन आणि के. एस. कृष्णन यांनी 1928 मध्ये कलकत्त्यात जे दाखवलं ते असं की पदार्थावर पडलेला प्रकाश बहुतेक सगळा आहे त्याच रंगाचा विखुरतो, पण त्यातला अगदी थोडा रंग बदलून येतो, आणि तो किती बदलला हे त्या रेणूच्या कंपनांवर ठरतं. म्हणून प्रत्येक रेणूचा ठसा वेगळा. आता अगदी थोडा म्हणजे किती, तर ढोबळमानाने 1 कोटी फोटॉनमागे (म्हणजे प्रकाशकणांमागे) 1. पाण्यात अब्जात एखादा भाग असलेलं फवारणीचं औषध यात कुठून दिसणार? ते दिसतं ते मशीनमुळे नाही, नमुना ज्या चांदीच्या किंवा सोन्याच्या पट्टीवर टाकतो तिच्यामुळे. 1974 मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्क्विलन यांना खरखरीत केलेल्या चांदीवर पिरिडीन नावाच्या रसायनाचा सिग्नल अनपेक्षित जोरात मिळाला. त्यांना वाटलं खरखरीतपणामुळे पृष्ठभाग वाढला, जास्त रेणू बसले, एवढंच. 1977 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की नुसत्या पृष्ठभागाने हा हिशोब लागत नाही, सिग्नलच लाखपटीने वाढलाय. धातूच्या नॅनोकणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात आणि दोन कणांमधल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत प्रकाशाचा जोर प्रचंड वाढतो, त्या फटीत जो रेणू सापडला तो दिसतो.

जो सापडला तोच, हे कृपया लक्षात घ्या. रेणू धातूपासून काही नॅनोमीटरच्या आत यायला हवा. थायरम नावाच्या बुरशीनाशकात गंधक आहे, ते चांदीला, सोन्याला आपणहून चिकटतं, म्हणून प्रात्यक्षिकांत ते सारखं दिसतं आणि निकालही छान येतात. पण डिझेलच्या धुरातली बहुवलयी हायड्रोकार्बनं घ्या, त्यांच्याकडे धातूला धरायला काहीच नाही, त्यांच्यासाठी पट्टीवर वेगळा थर द्यावा लागतो. आणि शिसं? शिशाच्या सुट्ट्या आयनला, म्हणजे विद्युतभार असलेल्या एकट्या अणूला, बंधच नाही तर कंपन कुठलं, त्याचा स्वतःचा ठसा येतच नाही. तिथे पट्टीवर आधी दुसरा रेणू बसवतात आणि शिसं आल्यावर त्याच्यात काय फरक पडला ते बघतात. त्यामुळे 'जड धातूही ओळखतं' हे तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच आहे.

आमच्याकडे एकदा डिस्टिल्ड पाण्यात थायरम घालून बघितलं तर स्क्रीनवरच्या आलेखात सुंदर टोकदार शिखरं आली, आणि तेवढंच थायरम नदीच्या पाण्यात घातलं तर सपाट रेघ! कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून पाण्यात उतरणारे पदार्थ पट्टीवरच्या जागा आधीच अडवून बसतात, वर त्यांची स्वतःची चमक सिग्नल झाकून टाकते (लेसर 785 नॅनोमीटरचा घेतात तो बराचसा ही चमक टाळायलाच). औषध आम्हीच हाताने घातलं होतं आणि मशीन म्हणत होतं काही नाही. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याच्या एका भागात ठरावीक औषध मुद्दाम घालून ते परत दिसतं का हे बघितल्याशिवाय मी 'नाही' असं लिहीत नाही. हे मशीन उद्या गावोगावी गेलं आणि ही तपासणी कोणी शिकवलीच नाही तर लोक सपाट रेघ बघून निर्धास्त पाणी पितील, या विचाराने मला खरंच झोप लागत नाही.

पट्टीचं अजून एक आहे, चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, त्यामुळे जुन्या पट्टीचा निकाल नव्यासारखा येत नाही, आणि एकाच पट्टीवर इकडे तिकडे लेसर मारला तरी आकडे बदलतात. लेखात 'एक रेणूसुद्धा पकडतं' असं आहे. 1997 मध्ये एकेक रेणू दिसला हे खरं, पण ते निवडक रंगद्रव्याचे रेणू होते आणि प्रयोगशाळेत.

एवढं लिहिलं म्हणून मी या तंत्राच्या विरोधात आहे असं समजू नका, उलट मला ते हवंच आहे. पाण्याचा स्वतःचा रामन सिग्नल क्षीण असतो, म्हणून इन्फ्रारेड प्रकाशाने तपासताना पाणी जसं आडवं येतं तसं इथे येत नाही. कुठे टँकर उलटला, रसायन सांडलं तर काठावर उभं राहून 100 नमुन्यांतले कुठले आधी लॅबला पाठवायचे हे तासाभरात ठरवता येईल, नाहीतर सगळ्याच बाटल्या रांगेत पडून राहतात. पक्का आकडा मात्र लॅबमधूनच घ्यायचा.

म्हणून विनंती अशी की पुढच्या वेळी असं संशोधन छापताना तीन गोष्टी जरूर विचारा: पाणी डिस्टिल्ड होतं की खरं नदी-विहिरीचं, किती पट्ट्यांवर करून बघितलं, आणि त्यात कुठला पदार्थ दिसत नाही. तिसऱ्याचं उत्तर मिळालं तर ते हेडलाइनच्या खालीच छापा.

आपली,
पाणी तपासणी लॅबमधली एक वाचक