खाडीवर यायचं की नाही ते कळवा

प्रिय आई-बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार. फोनवर धड बोलणं होत नाही, तुमच्याकडे रेंज जाते आणि बाबा स्पीकर चालू करून पडवीत जाऊन बसतात, म्हणून लिहूनच टाकतो. रविवारी आम्ही सगळे ऐरोलीला गेलेलो, ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात, तिथून बोट सुटते ना ती. बाबा, तुम्ही म्हणाल खाडीत काय बघायचंय, चिखल आणि वास. वास आहेच, खोटं कशाला बोलू.

आई, तुझं तिथीच्या पाऊणपटीचं गणित बरोबर आलं. दशमी होती, दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भरती साडेसातच्या सुमाराला, खाडीत एवढं आत पाणी यायला अजून थोडा वेळ, म्हणून बोट नऊनंतरची. बोटवाल्या दादांना सांगितलं तर हसले, म्हणाले आमची म्हातारी पण असंच सांगायची, आता मोबाईलवर बघतो.

पाणी उतरायला लागलं, चिखलाचा पट्टा उघडा पडला आणि फ्लेमिंगो थव्याने येऊन बसायला लागले. बहुतेक छोटे रोहित (फ्लेमिंगोला आपल्याकडे रोहित म्हणतात), चोच गडद, अंग गुलाबी, आणि मधेच एखादा मोठा रोहित, उंच, पांढुरका, फिकट गुलाबी चोचीचं टोक तेवढं काळं. पंगत बसल्यासारखे सगळे माना खाली घालून, चोच उलटी पाण्यात बुडवून गाळून गाळून खात होते आणि कलकलाट तर विचारू नका. काही करडे होते, छोटीला वाटलं आजारी आहेत, पण ती लहान पोरं, रंग खाण्यातून येतो आणि यायला वेळ लागतो.

मला मात्र सगळ्यात भारी वाटला तो कोल्हा! खरंच, मुंबईत कोल्हा. तिवरांच्या कडेला चिखलात खेकडे शोधत फिरत होता, आधी कुत्राच वाटला, मग शेपूट बघितली. विक्रोळी-कांजूरच्या कांदळवनातही आहेत म्हणे. बाकी शेकाटे, चित्रबलाक, थापट्या बदकं, कुरव म्हणजे सीगल, सगळे होते. कुरवांना गाठ्या टाकणारी मंडळी नव्हती ते एक बरं. आणि आई, चिखलातल्या निवट्या मासळ्या टणाटण उड्या मारत होत्या, तुझ्या डोळ्यासमोर लगेच कालवण आलं असेल, पण अभयारण्य आहे ते.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं भांडुपला नोकरी केलीत, हे सगळं हायवेच्या पलीकडेच होतं. अभयारण्य २०१५ ला झालं, साधारण १६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन. २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, आपल्या राज्यात नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर हेच. ऐकायला छान वाटतं, पण अभ्यासक सांगतात की आपलं सांडपाणी खाडीत येतं, त्यावर शेवाळ माजतं आणि छोटे रोहित तेच खातात. म्हणजे आपल्या घाणीवर ही पंगत. मला यात खूश व्हायचं की काय ते कळेना, बायको म्हणाली तू फोटो काढ गप. शिवाय भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी नेरुळच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात, त्यामुळे नुसती खाडी राखून भागत नाही, ती तळी बुजली तर भरतीच्या वेळी जाणार कुठे? पण तळ्यांच्या आजूबाजूच्या जागेवर डोळा ठेवून असलेले लोक काय कमी आहेत.

तर मुद्दा असा की तुम्ही या. मे सरता सरता पक्षी निघून जातात, उकाडा त्याच्या आधीच सुरू होतो, तेव्हा पाडव्याच्या आत जमवा. तिथी आईने काढावी, सप्तमी ते दशमीमधली बघ म्हणजे सकाळची बोट जमेल. चढताना हात धरायला माणूस असतो, तरी बाबांच्या गुडघ्याचं डॉक्टरांना एकदा विचारा. टोपी आणा, बोटीत ऊन लागतं. खेडहून मांडवी एक्सप्रेसचं तिकीट मी इथून काढतो, फक्त तारीख लवकर सांगा, नंतर वेटिंग लागतं. आणि कोकमाच्या आगळाची एक बाटली आणा, इथली काही खरी नाही.

तुमचा
बाळू