मॅडम, तुम्ही आधी विचारलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला गाजावाजा आवडत नाही, आणि तालुक्याचं गाव म्हटलं की मलाही जपून राहावं लागतं. पण आभार चारचौघांतच मानावेत असं वाटलं. जे दुखणं मी कधी कुणापुढे बोलू शकले नाही, त्यातून तुम्ही मला बाहेर काढलंत.

मुलगी वर्षाची झाली, दुसऱ्याची घाई नको म्हणून मी माला-एन ही गर्भनिरोधक गोळी सुरू केली. काही महिन्यांत खाज सुरू झाली. मग दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं, लघवीला आग. औषध घेतलं की थांबायचं आणि पाळीच्या तोंडावर पुन्हा हजर. जिला हे झालंय तिला जास्त सांगावं लागणार नाही. पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवताना डोक्यात फक्त मधली सुट्टी कधी होते एवढंच असायचं. एसटीत जागा मिळाली तरी मी उभी राहायचे. नवरा जवळ आला की पोटात गोळा यायचा. रात्री सगळे झोपले की मोरीत जाऊन गार पाणी ओतून घ्यायचे आणि तशीच येऊन पडायचे.

मी अंगावर काढत बसले नव्हते, मॅडम. दाखवत होते. पहिल्यांदा जिथे गेले तिथे माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत चिठ्ठी लिहून झाली होती. तेच ते किट: फ्लुकोनाझोल, सेक्निडाझोल, अझिथ्रोमायसिन, सगळं एका पाकिटात. बुरशी असो, जंतू असो, काहीतरी लागू पडेलच या हिशेबाने. पुढच्या ठिकाणीही तेच, फक्त कंपनी दुसरी. वर "स्वच्छता ठेवत जा" हा सल्ला. दोन वेळा आंघोळ करणारी बाई मी, पण त्या वाक्याने इतकी खजील झाले की तुरटीचं पाणी, टीव्हीवर जाहिरात येते ते वॉश, सगळं करून पाहिलं. त्याने आग आणखीच वाढली. मेडिकलवाल्याने खाजेवर म्हणून जी ट्यूब दिली तिच्यात स्टेरॉइड होतं, हे तुम्ही पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलंत तेव्हा कळलं. एका ठिकाणी तर दार उघडं, बाहेर बाकावर माणसं बसलेली, आणि मला ऐकवलं गेलं, "मिस्टरांचं बाहेर काही आहे का, जरा चौकशी करा." त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. राग मात्र अजून गेलेला नाही.

आणि यांच्यापैकी एकानेही मला तपासलं नव्हतं.

तुमच्याकडे आले ती आमच्या अंगणवाडीताईंनी सांगितलं म्हणून. जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी तुमच्या टेबलावर ठेवली तेव्हा पुन्हा तेच किट मिळणार असं मी धरूनच चालले होते. तुम्ही एकेक कागद उलगडून वाचलात. मग म्हणालात, "बघितल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. तपासू का?"

सिस्टरांनी कडी लावली, पडदा ओढला, पायांवर चादर घातली. तुम्ही ते स्टीलचं उपकरण कोमट पाण्याखाली धरलंत, आधी माझ्या मांडीला बाहेरून टेकवलंत आणि विचारलंत, "गार लागतंय का?" मग म्हणालात, "दुखलं तर नुसतं 'थांबा' म्हणा. मी थांबेन."

दुखलंच. सवयीप्रमाणे मी दातावर दात दाबून गप्प राहिले. माझे पाय कापताना तुम्हाला दिसले असणार. तुम्ही हात मागे घेतलात आणि म्हणालात, "म्हणा की, थांबा." मी म्हटलं. कसंबसं, पण म्हटलं. तुम्ही स्टूलवर बसून राहिलात. बाहेर सिस्टर पुढचे नंबर पुकारत होत्या, कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि तुम्ही घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत. शेवटी मीच म्हणाले, "आता चालेल."

मॅडम, माझं बाळंतपण झालं तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा तर ओरडू नको म्हणून दरडावलं होतं. माझ्या अंगाला हात लावण्याआधी मला विचारायचं असतं, आणि मी नको म्हटलं तर समोरचा थांबतो, हे डॉक्टरच्या टेबलावर मला पहिल्यांदा तुमच्याकडे कळलं. तुम्हाला ते आठवतही नसेल. तुम्ही रोज सगळ्यांशी तशाच वागत असाल. मी मात्र त्या रात्री मोरीत नळ सोडून पोटभर रडले, आणि ते रडणं दुखण्याचं नव्हतं.

पुढचं सगळं साधंच होतं. आम्लता बघायची पीएचची पट्टी, काचेवर एक थेंब पोटॅश, सूक्ष्मदर्शक. मला बोलावून तुम्ही ते बुरशीचे धागे दाखवलेत. एवढा छळ केलेली गोष्ट मी अखेर डोळ्यांनी पाहिली. कॅन्डिडा. पीएच ४.५ च्या आत होता, म्हणजे या वेळी दुसऱ्या जंतूंचा प्रश्न नव्हता, आणि तरीही मी प्रत्येक वेळी दुसऱ्या जंतूंची औषधं गिळत होते. आतली आम्लता टिकवणारे लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, अँटिबायोटिकने ते मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं, हे तुम्ही सांगितलंत. तुरटी आणि वॉश त्याच दिवशी बंद झाले. बाहेरून साधं पाणी, आत काहीच नाही. साखर तपासली, ती ठीक निघाली. वारंवार बुरशी होणाऱ्या बाईची साखर बघायची असते, हेही तोवर कुणाला सुचलं नव्हतं.

गोळ्यांबद्दल तुम्ही जे बोललात त्यासाठी तर मी तुमची कायमची ऋणी आहे. घरात एकच पालुपद होतं: गोळ्यांनी गरमी झाली, सोडून दे. तुम्ही माला-एनच्या पाकिटावरचा इस्ट्रोजेन या हार्मोनचा ०.०३ मिलिग्रॅमचा आकडा दाखवलात. इस्ट्रोजेनमुळे काही जणींमध्ये बुरशीला पोषक वातावरण तयार होतं, पण इतक्या कमी डोसच्या गोळीवर सगळा दोष टाकता येत नाही, असं स्पष्ट सांगितलंत. गोळी चालू ठेवून बुरशीचा पुरता बंदोबस्त करू, नाहीतर तांबी आहे, हार्मोन नसलेली छाया गोळी आहे. "काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा." मी गोळी ठेवली. आठवड्यातून एकदा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, सहा महिने. (हे वाचून कुणी आपल्या मनाने मेडिकलमधून आणू नका. मला ते तपासून दिलंय, आणि दिवस गेलेले असतील तर हे औषध असं घ्यायचं नसतं.)

मग तुम्ही यांना आत बोलावलंत आणि सांगितलंत की ही बुरशी बऱ्याच बायकांच्या अंगात मुळातच असते, ती बाहेरून कुणी आणावी लागत नाही. हे येताना रिक्षात काही बोलले नाहीत. घरी आल्यावर चहा त्यांनी केला, आणि कप माझ्या हातात देऊन बराच वेळ समोर बसून राहिले.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना जननेंद्रियांचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या ८ वरच अडकले होते. ती दुर्गम गावं होती आणि तो काळ वेगळा होता. मी डी.एड. झालेली, पगार कमावणारी, दवाखान्याच्या पायऱ्या चढून गेलेली बाई, आणि तुमच्याकडे येईपर्यंत मीही त्या उरलेल्यांतच होते. पट्टी, काच, पोटॅशचा थेंब, यातलं काय महाग आहे? आणि "तपासू का?" म्हणायला तर काहीच लागत नाही.

चांगली माणसं कमी झाली असं आपण सारखं म्हणतो. मला तसं वाटत नाही. म्हातारीचं गाठोडं आधी वर घेऊन मग घंटी मारणारा कंडक्टर मी रोज बघते. पोर गैरहजर राहिलं तर संध्याकाळी वस्तीवर जाऊन येणाऱ्या आमच्या बाई आहेत. यांच्या बातम्या होत नाहीत. बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल असं बोलणारा माणूसही डिग्री घेतलेलाच होता, तुम्हीही डिग्रीच घेतलीत. फरक कुठून येतो ते मला माहीत नाही. पण तो असतो, आणि पेशंटला तो पहिल्या मिनिटाला कळतो.

आता बरी आहे. पाळीच्या आधीचे दिवस मोजायचं बंद झालंय. एसटीत खुशाल बसते.

एक विनंती आहे. सासूबाईंनी माझं सगळं बघितलं आणि परवा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मलापण दाखवायचंय, बरीच वर्षं झाली." त्यांना आजवर कुणी तपासलेलं नाही. येत्या सोमवारी घेऊन येते. गुडघे धरलेत, त्यामुळे टेबलावर चढायला वेळ लागेल. डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेवढं उजवीकडे उभं राहून विचारा.

आपली नम्र,
तुमची एक पेशंट