पंचाची रेसिपी पाठवतोय, शेवटपर्यंत वाच

प्रिय बेटा,

या आठवड्यात शेताची लाइट रात्रीची आहे. मोटर चालू करून पंपाच्या खोलीपुढे खाट टाकून बसलोय, कांदेबागाची, म्हणजे या दिवसातल्या केळीची, लागण परवाच झाली, नवीन कंदांना पाणी बसलंच पाहिजे. रात्रीचा दीड वाजलाय, बांधावरचा मुंजाचा पिंपळ समोरच आहे आणि मी बॅटरीच्या उजेडात तुला भुताच्या पार्टीचं सरबत लिहून राहिलोय, म्हणजे बघ. भुताची भीती नाही वाटत, बिबट्याची वाटते, गेल्या महिन्यात खालच्या बागेत त्याचे ठसे होते. मोबाइलवर गाणी लावून ठेवली आहेत त्याच्यासाठी.

तर तुझा मेसेज. हॅलोविन पार्टी, 31 ऑक्टोबर, सोसायटीची गच्ची, तीस माणसं, त्यात लहान पोरं दहा-बारा, दारू अजिबात नाही, आणि "पप्पा दिसायला भुताटकी वाटली पाहिजे". हे तू मम्मीला न विचारता मला विचारलं म्हणून ती दोन दिवस फुगून होती, पण शेत वाट्याला यायच्या आधी तीन उन्हाळे मी मामांच्या रसवंतीवर बसलोय, ते तुझ्या लक्षात राहिलं याचं मला बरं वाटलं. मग मी काय केलं, नुसतं सांगण्यापेक्षा घरी करूनच पाहिलं. दोन वेळा बिघडलं, तिसऱ्यांदा जमलं, ते सगळं लिहितो.

आधी चवीचं, दिसायचं नंतर. पंच हा शब्दच आपल्या पाचवरून गेला असं म्हणतात, कंपनीच्या काळातले गोरे खलाशी इकडून शिकून गेले, दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसा. आता तू पहिलीच जिन्नस काढून टाकली (आणि ते बरोबरच केलं), पण मग जे उरतं ते पोरांच्या वाढदिवसाचं गोडमिट्ट सरबत होतं आणि मोठी माणसं अर्धा ग्लास पिऊन कुंडीत ओततात. दारूचा जो घशाला चटका लागतो ना, ती जागा कशानं तरी भरावी लागते. ती भरायची आल्यानं. आलं किसून फडक्यातून पिळायचं, तो रस दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा, खाली पांढरा साका बसतो, तो टाकून वरचं नितळ घ्यायचं. शिवाय चार-पाच मिरे ठेचून पाकात. इतकंच. पण हे नसलं की पंच म्हणजे नुसता रंग.

तीस जणांना दोन-दोन ग्लास धर, 200 मिलीचा ग्लास, म्हणजे 12 लिटर. त्यात डाळिंबाचा रस 3 लिटर, मोसंबीचा 3 लिटर, साखरेचा पाक 1 लिटर (600 ग्रॅम साखर पुरते, जास्त नको), वीसेक लिंबं, आलं 100 ग्रॅम, काळं मीठ चवीपुरतं आणि साधा सोडा 4 लिटर. बाकीचं बर्फ वितळून होतं. डाळिंब घरी सोलत बसू नको, एक किलोतून अर्धा लिटरसुद्धा रस निघत नाही, पुण्यात पॅकमधला मिळतो, फक्त पाठीमागे वाचून साखर न घातलेला घे. मोसंबी मात्र ताजी, आणि अगदी शेवटी काढायची. हे रसवंतीवर शिकलेलं आहे, मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभरात कडू व्हायला लागतो, गिऱ्हाईक म्हणतं बी वाटली का काय, बी नाही वाटलेली, त्याचा गुणच तो. आणि साल, आतला पांढरा पापुद्रा रगडून घेऊ नको, कडूपणा तिथूनच येतो.

रंग. डाळिंब आणि मोसंबी एकत्र केलं की गढूळ गुलाबी होतं, रक्तासारखं नाही दिसत. अर्ध्या बीटाचा रस टाक, अर्ध्याच, जास्त टाकलं तर मातीचा वास मारतो. ज्या काकांना शुगर आहे म्हणालीस त्यांच्यासाठी पाक टाकायच्या आधीच एक ग्लास बाजूला काढ, नुसता लिंबू-आलं-सोडा आणि वरून थोडंसं डाळिंब. सोडा सगळ्यात शेवटी, लोकं समोर आल्यावर, आणि बाटल्या आधीच एकदम गार केलेल्या, कोमट सोडा ओतला की सगळा गॅस फेसातच जातो.

आता भांडं. तू म्हणाली ना चेटकिणीच्या हंड्यासारखं काळं पाहिजे, म्हणून आपली भंडाऱ्याची, गावजेवणाची लोखंडी कढई मागितली. आजी तर म्हणे खापर ने, मांड्याचं खापर किती काळंभोर आहे, पण ते मातीचं, गार-गरम झालं की तडकेल, नकोच. कढई पाठवतोय, पण एक ऐक. पंच तिच्यात थेट ओतायचा नाही. मी ओतून पाहिला, तासाभरात लाल रंग जाऊन शाईसारखा निळसर काळा झाला आणि तोंडात खिळा धरल्यासारखी चव. डाळिंबात तुरटपणा असतो, तो लोखंडाला लागला की काळाच पडतो, जुन्या काळी शाई अशीच करायचे. तांब्या-पितळेचं बिनकल्हईचं भांडं तर त्याहून नको, आंबट रसात ते उतरतं आणि पोटात जातं. म्हणून कढईत स्टीलचं मोठं पातेलं बसव. पंच पातेल्यात. मधली जी गोल फट राहते तिच्यात तुझा तो ड्राय आइस.

ड्राय आइसबद्दल मी दोन दिवस तुझ्याशी फोनवर भांडलो, आता शांतपणे लिहितो. तो बर्फ नाही, तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78 डिग्रीच्या आसपास. उघड्या हातानं धरला की भाजल्यासारखी कातडी जाते. पोटात गेला तर काय होतं ते 2024 च्या मार्चमध्ये पेपरात आलेलं, गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखवास म्हणून लोकांनी तो खाल्ला आणि रक्ताच्या उलट्या झाल्या. म्हणून ग्लासात नाही, पंचात नाही, फक्त त्या फटीत, आणि पातेलं इतकं मोठं घे की पोराचा हात फटीत जायला नको. लिंबाएवढे तुकडे, जाड कापडी हातमोजे, चिमटा, वरून गरम पाणी. धूर जड असतो, वर नाही जात, कढईच्या काठावरून खाली लोळतो, ते खरंच भारी दिसतं हे मी कबूल करतो (व्हिडिओ बघितला). पाणी गार झालं की धूर मंदावतो, मग ते काढून परत गरम ओतायचं. दीड-दोन किलो पुरे. त्याच दिवशी आण, थर्माकोलच्या खोक्यात, झाकण सैल. घट्ट डब्यात किंवा थर्मासमध्ये भरलास तर तो फुटतो, एका किलोचा पाचशे लिटरवर गॅस होतो, जाईल कुठे. आणि गच्चीवरच. पाऊस आला म्हणून सगळं उचलून बंद हॉलमध्ये नेऊ नका, त्या दिवशी धुराशिवाय पार्टी करा.

आता बर्फाचा पंजा, यात मजा आली. हातमोज्यात पाणी भरून गोठवायचं आणि पंचात तरंगत सोडायचा. मोजा खाण्याच्या कामाचा, बिनपावडरचा घे, आतून धू. काठोकाठ भरू नको, पाणी गोठताना फुगतं. नुसत्या पाण्याऐवजी मी अर्धं पाणी अर्धा डाळिंबाचा रस घातला, म्हणजे वितळला तरी पंच पांचट होत नाही, पाक मात्र यात नको, गोड पाणी लवकर गोठत नाही. पहिल्या रात्री इकडे चार तास लाइट नव्हती. सकाळी बोटं घट्ट आणि तळवा आतून पाणीच, मोजा कापला तर पाच बोटं सुटी सुटी परातीत पडली. तसंही भयंकरच दिसत होतं म्हणा, पंजा मोडला तर बोटं टाकून दे, कोणी तक्रार करणार नाही. पूर्ण रात्र आणि वर अर्धा दिवस धर. काढताना मोजा ओढू नको, नळाच्या पाण्यात थोडा वेळ धर आणि कात्रीनं काप.

आणि आजी. मला वाटलं होतं पहाटे सायीचा डबा काढायला फ्रीझर उघडतील आणि किंचाळतील. काही नाही. चहाच्या वेळेला शांतपणे म्हणाल्या, "तुह्या त्या पंजाले दुसरीकडे ठेव रे, सायीले जागा नही राह्यली."

मग त्यांना सांगावं लागलं हे काय आहे. म्हटलं तिकडे आयर्लंडकडे जुनी समजूत, या दिवसात मेलेली माणसं घराकडे येतात, म्हणून शलगम कोरून आत दिवा लावायचे, मग अमेरिकेत गेल्यावर गंगाफळ कोरायला लागले. 1 नोव्हेंबरला त्यांच्या संतांचा दिवस, त्याची आदली रात्र ही. आजी म्हणाल्या मग ही त्यांची आखाजीच (अक्षय तृतीया) झाली, आपण नाही का घागर भरत पितरांसाठी, वर डांगर (खरबूज), सांजोरी, आंबा. फक्त त्यांना एक पटलं नाही, घरची माणसं येतात तर त्यांना घाबरवायचं कशाला, आणि गंगाफळाची भाजी करायची सोडून त्याला डोळे कशाला पाडायचे. कोरलेल्या गंगाफळाच्या गराची भाजी करून सगळ्यांना वाढ, असा निरोप आहे.

डोळ्यांवरून आठवलं. पंचात डोळे पाहिजेत तर डब्यातली लिची घे, पाक निथळून मधल्या भोकात काळी मनुका बसव, हुबेहूब. मम्मीला वाटलं सीताफळाचे गरे टाकू, सीझन आहे, पांढऱ्यात काळी बी, डोळाच तो. पण बी कडक आणि चावली तर बरी नाही, पोरांच्या ग्लासात नको. लिचीसुद्धा अगदी लहान पोराला अख्खी देऊ नको, चिरून दे. बेडकाची अंडी म्हणून सब्जा टाक, एक चमचा सब्जा कपभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, फुगला की कोणालाही शिसारी येते.

पोरांसाठी एक वेगळी गंमत पाठवतोय. कुंपणावरची निळी गोकर्ण यंदा भरून फुललीय, मम्मीनं फुलं सावलीत सुकवून पिशवीत घातली आहेत. लिटरभर गरम पाण्यात पंचवीस-तीस फुलं टाक, पाणी गडद निळं होतं, गाळून त्याचे बर्फाचे खडे कर. त्यात लिंबू नाही घालायचं. मग साध्या लिंबू सरबतात तो निळा खडा सोडायचा, वितळेल तसं सरबत जांभळं होत जातं. जादूबिदू काही नाही, आंबट लागलं की त्या फुलाचा रंग बदलतो, पण मी स्वतः तीन ग्लास केले नुसतं बघायला.

आता मुख्य दुःख. केळी. यावल तालुक्यातला माणूस फळांचा पंच करतो आणि त्यात केळी नाही, हे मला काही पचेना, म्हणून पहिल्या खेपेला तीन केळी मिक्सरमधून काढून घातली. अर्ध्या तासात रंग चहासारखा आणि घट्ट असा की गाळणीतून उतरेना. सोड्यानं वर फेसाचा थर आला तो तर सांगतच नाही. केळीला कापली की हवा लागते आणि ती काळी पडते, हे आयुष्यभर बघितलंय, तरी केलं. तर केळी ग्लासात नाही जात. पण भूत होते! साल काढून केळं मधोमध आडवं कापायचं, कापलेल्या बाजूनं आइस्क्रीमची काडी खोचायची, लिंबाच्या पाण्यात बुडवून काढायचं, मग घट्ट चक्का किंवा पांढरं चॉकलेट लावून फ्रीझरमध्ये उभं करायचं. वरचं टोक निमुळतं असतं ना, ते भुताचं डोकं, तिथे चॉकलेटचे दोन दाणे डोळ्यांना. पिवळी झालेली पण डाग न पडलेली केळी घे, पिकून मऊ झाली तर काडीवर टिकत नाही. आणि आणल्यावर अख्खी केळी फ्रिजमध्ये टाकू नको, साल काळवंडते, मग म्हणशील पप्पांनी कसला माल पाठवला.

गंमत म्हणजे एक्स्पोर्टवाले पॅकहाउसमध्ये फणीला हँड म्हणतात आणि केळ्याला फिंगर. मी आधी हसायचो. आता तुझ्यासाठी दोन हँड काढून ठेवलेत, बत्तीस फिंगर, सगळ्यांना भुतं पुरून उरतात.

एक शेवटचं, बापाचं बोलणं म्हणून ऐक. बिनदारूचा पंच आहे असं सांगितलं की कोणीतरी हुशार मागून बाटली ओततोच, त्यातून पोरं पिणार आहेत. कढईपाशी स्वतः थांब, डाव तुझ्याच हातात ठेव.

पार्सल उद्याच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं टाकतो, कढई, गोकर्ण, केळी आणि मम्मीनं घातलेलं बाकी काय काय. कढई जड आहे, उतरवायला कोणाला तरी सोबत ने. लाइट गेली वाटतं, मोटर बंद पडली, जाऊन बघतो.

तुझे पप्पा

ता.क. कढई चंपाषष्ठीच्या आत परत पाहिजे, भरिताला लागते. घासून पाठव, आणि तेलाचा हात लावून.