फोनवर सांगता आलं नाही

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा आईने विचारलं, "बोलणं जड का येतंय गं?" मी सर्दीवर वेळ मारून नेली. सर्दी नव्हती. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या शब्दालाच तू मटकन खाली बसली असतीस, म्हणून लिहिते आहे.

माझ्या डोक्यात गाठ आहे. कॅन्सरची नाही. मामी गेल्यापासून आपल्या घरात 'गाठ' म्हटलं की एकच अर्थ होतो. ही त्यातली नाही, एवढं आधी मनात धरा, मग पुढचं वाचा.

जूनपासून डावा गाल बधिर होता. दाताचं असेल म्हणून रूट कॅनालही झालं, फरक शून्य. मग एकदा जेवताना चिनू म्हणाला, "आई, तोंडाला भात लागलाय." ओठाच्या कोपऱ्याखाली ओलं शीत. बोटाला लागलं, गालाला कळलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे एमआरआय झाला.

बाबा, तुम्ही जन्मभर मोटारी रिवाइंड केल्यात. तांब्याच्या तारेवर इनॅमल असतं, तसं नसेवरही आवरण असतं. ते 'श्वान' नावाच्या पेशींचं. त्यांचीच ही गाठ, श्वानोमा. कवटीतल्या अशा दहा गाठींतल्या नऊ तरी आठव्या नसेवर असतात, कानाच्या आणि तोलाच्या. माझी पाचव्या नसेवर आहे. चेहऱ्याचा स्पर्श तीच नेते, चावण्याचे स्नायूही तिच्याकडेच. म्हणून दुर्मीळ.

गाठ १४ मिलिमीटरची आहे. बहुधा फार हळू वाढतात या. डॉक्टर म्हणाले, सध्या नुसतं लक्ष ठेवू, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. वाढली तर ऑपरेशन किंवा गॅमा नाइफ. नाव सुरीचं असलं तरी त्यात कापत नाहीत, बाहेरून किरण देतात. त्याने गाठ नाहीशी होतेच असं नाही, वाढ थांबली तरी पुरे.

आई, पाचवीत झोपाळ्यावरून पडले होते, त्याने हे झालेलं नाही. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, कारण तू तेच धरून बसशील. तुमच्याकडून आलेलंही नाही. आनुवंशिक प्रकाराची लक्षणं माझ्यात नाहीत.

नवस बोलू नकोस. फेब्रुवारीत एमआरआय आहे, तेव्हा मात्र ये. त्या मशीनमध्ये अर्धा-पाऊण तास हलायचं नसतं, मागच्या वेळी मी डोळे मिटून तुझी जात्यावरची ओवी मनात म्हणत होते आणि तिसरी ओळ आठवेना. तेवढी लिहून पाठव.

तुमची,
ताई