मावशी, आबांची माळ गळ्यात आहे

मावशी,

सप्रेम नमस्कार. आबा बरे आहेत. काल बांधापर्यंत चालत जाऊन तूर बघून आले. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. जालन्याच्या कुणी वाचलं तर मावशींपर्यंत पोचवा.

आबा दवाखान्यात होते तेव्हा भेटायला माणसं कमी आली नाहीत. भावकी आली, सोयरे आले, सप्त्यात आबांच्या पंगतीला बसणारेही आले. "पांडुरंग आहे, काळजी करू नको," म्हणाले आणि शेवटची एसटी गाठायला निघाले. रात्रीचं थांबतो असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. ते अजून मनातून जात नाही.

तुम्ही शेजारच्या कॉटवर काकांसाठी जागत होतात. तापाच्या भरात आबांनी हात झटकला, तुळशीची माळ तुटली आणि मणी वॉर्डभर पांगले. माळकरी माणूस, गळ्यात माळ नाही तर पाण्याचा घोटही घेईना. मला रडूच फुटलं. तुम्ही पदर खोचून, मोबाइलची बॅटरी लावून कॉटखाली शिरलात. "भाऊ, किती असतात हो?" "१०८." सलाईनच्या स्टँडजवळून, चपलांच्या ढिगातून, कुठून कुठून वेचलेत. एकेक मणी पदराला पुसलात. १०८ भरल्याशिवाय उठला नाहीत. पिशवीतला सुईदोरा काढून माळ ओवलीत आणि दोन्ही हातांनी आबांच्या ओंजळीत ठेवलीत. गळ्यात त्यांनाच घालू दिलीत. मावशी, ते तुमचे दोन हात मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सकाळी मी विचारलं, एवढं कशाला केलंत? उशाशी बायबल होतं. याकोबाच्या पत्रात आहे म्हणालात, उपाशी माणसाला नुसतं "जा, पोटभर जेव" म्हणून काय उपयोग? कृती नसेल तर विश्वास मेलेलाच. एवढं बोलून थर्मास घेऊन चहा आणायला गेलातसुद्धा. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती गावात तुमच्या पणजोबांना आसरा मिळाला होता, हेही तुमच्याकडूनच कळलं. आमच्याकडे ख्रिस्ती माणसांबद्दल नाही नाही ते बोलतात. आता माझ्यासमोर कुणी बोललं तर मी त्याला आबांची माळ दाखवते.

आबांनी सांगून ठेवलंय, नाताळात तुमच्याकडे यायचं. पुरणपोळी करणार होते, पण काकांना साखर आहे ना? ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मेथी आणते. आणखी काही पथ्य असेल तर कुणाकडून तरी कळवा.

आबांचा राम कृष्ण हरी. माझा जय ख्रिस्त.

तुमची लेक,
परतूर