रोहिणी, मृग, आर्द्रा: एक पंख तरी बांधू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनांच्या बातम्या आपल्या अंकात वाचतो. ड्रोन असतात, रॉकेट असतात. बिनइंजिनाचं ग्लायडर मात्र कुठेच दिसत नाही. याची मला खंत वाटते.

रोहिणी, मिरग, आर्द्रा म्हटलं की आपला शेतकरी आभाळाकडे बघतो. याच नक्षत्रांच्या नावांची ग्लायडर भारतात बनली, हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? नागरी विमान वाहतूक खात्यातले अभियंते एस. रामामृतम यांचं 'रोहिणी' १९६१ मध्ये उडालं. सांगाडा लाकडाचा, वर कापड, दोघांनी शेजारी शेजारी बसायचं. कार्तिक, भरणी, मृगशीर, आर्द्रा हीसुद्धा त्याच खात्याची.

एनसीसीत असताना हडपसरला मी 'रोहिणी'त बसलो होतो. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या तार गुंडाळणाऱ्या यंत्राने, तार खेचली, वर गेल्यावर ती सुटली आणि मग फक्त वाऱ्याचा आवाज. उतरल्यावर पंखावर हात फिरवला, तर ताणलेल्या कापडाखालच्या लाकडी फासळ्या एकेक करून बोटांना लागत होत्या. पुढे मी सुतारकामात आलो तो त्या फासळ्यांपायी.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाच्या विमानांची बंदी आली, तेव्हा तिथली तरुण मंडळी ऱ्होनच्या डोंगरावर ग्लायडर घेऊन गेली. हॅनोवरच्या विद्यार्थ्यांचं १९२१ सालचं 'व्हॅम्पायर' पुढच्याच वर्षी तासाहून अधिक वेळ हवेत राहिलं. एडमंड श्नायडर यांच्या 'ग्रुनाऊ बेबी'चे आराखडे घेऊन तर देशोदेशीच्या हौशी लोकांनी आपापल्या शेडमध्ये ते बांधलं. १९५७ मध्ये स्टुटगार्टच्या एप्लर आणि नेगेले यांनी काचतंतूंचं (फायबरग्लासचं) 'फिनिक्स' उडवलं आणि लाकडाचा जमाना सरत गेला. आज अव्वल ग्लायडर एक किलोमीटर उंची खर्चून साठ किलोमीटर जातं. अंबाजोगाईवर सोडलं तर, वारा पडलेला असला तरी, लातूर सहज गाठेल. आणि चैत्र-वैशाखात आपल्या माळावरची तापलेली हवा घारीला पंख न हलवता वर नेते, तीच त्यालाही उचलते.

जर्मनीतले विद्यार्थी संघ आजही स्वतः ग्लायडर आखून बांधतात. आपल्याकडे आयटीआयला सुतारकाम आहे, शेजारी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. दोघांची गाठ कोणी घालून देत नाही, एवढंच. माझी विनंती साधी आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात मुलांनी एक पूर्ण मापाचा लाकडी पंख बांधावा. उडवायचा नाही, त्याला परवानग्या लागतात, आणि त्या लागायलाच हव्यात. उडताना हवा पंखाला वर उचलते, म्हणून पंख उलटा टेकवावा, वर वाळूची पोती रचत जावीत आणि तो किती भार पेलतो ते गावासमोर मोजावं.

फासळ्या कशा कापायच्या, सरस कसा लावायचा, हे शिकवायला मी कुठल्याही जिल्ह्यात स्वखर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (सुतारकाम),
अंबाजोगाई, जि. बीड