विषय: तुमच्या मिक्सरचे फेडर सापडत नाहीत, कारण ते नाहीतच

आत्ताच कस्टमर केअरचा सहावा कॉल संपला म्हणून लिहून राहिलो. साउंड मिक्सर तोच, तुमचा 16 चॅनलचा काळा डबा, ना फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) ना स्क्रीन, सगळं टॅबमधल्या अ‍ॅपवरून. मागच्या महिन्यात अ‍ॅप अपडेट करायला लावलं तेव्हापासून चालू कार्यक्रमात कनेक्शन तुटतं आणि चकरी फिरत बसते. आवाज चालू, पण माझ्या हातात शून्य.

त्याहून वाईट म्हणजे परत जोडल्यावर अ‍ॅपने मिक्सरमधली सेटिंग वाचायला पाहिजे, तर ते स्वतःकडचीच जुनी मिक्सरवर ढकलतं. शनिवारी बेसा रोडच्या लॉनवर रिसेप्शन होतं, गायिकेच्या मॉनिटरचा (तिला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) ऑक्स, म्हणजे त्याला जाणारा आवाज, मी साउंडचेकनंतर 6 डीबी खाली घेतला होता, तो एकदम वर गेला आणि अशी शिट्टी सुटली की नवरदेवाच्या आजीने दोन्ही कान झाकले, मी टॅब सोडून बुफेच्या लायनीतून पळत स्टेजवर गेलो अन् मॉनिटरची वायर उपटली. पार्टीने बाकीचे पैसे अजून अडवून ठेवलेत.

वायफायचं कारण देऊ नका. मिक्सरमधलं वायफाय 2.4 गिगाहर्ट्‌झचं, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि लॉनमध्ये पाचशे मोबाइल. म्हणूनच केव्हाचा वेगळा राउटर लावलाय, मिक्सरला लॅन केबल, टॅब 5 गिगाहर्ट्‌झवर. अपडेटच्या आधी याच सेटअपवर एकदाही तुटलं नाही.

आता आजचा कॉल. 22 मिनिटं ट्यून ऐकवून एक साहेब आले. "सर, तिथे इंटरनेट आहे का?" म्हटलं भाऊ, याला इंटरनेट लागतच नाही. "मग मिक्सर रीस्टार्ट करा." चालू गाण्यात? "ओके सर, तोवर मिक्सरवरचे फेडर वापरा." मला वाटलं मस्करी करून राहिला. कुठले फेडर? "समोर असतात ना सर, वर-खाली करायचे." म्हटलं या मॉडेलला एकही फेडर नाही. तर म्हणे, "एकदा नीट चेक करा ना सर." नीट चेक करा! डबा उलटा करून पाहू का, खाली चिकटले असतील तर? आणि वरून, "जवळच्या साउंड इंजिनियरला दाखवून घ्या." 19 वर्षं मी काय मंडपात भजी तळून राहिलो?

जुनं अ‍ॅप आणि त्याला चालणारं फर्मवेअर (मिक्सरच्या आतलं सॉफ्टवेअर) आठ दिवसांत द्या, नाहीतर मिक्सर परत घ्या. धंद्यासाठी घेतला म्हणून ग्राहक नाही, असं सांगू नका, पोटापाण्यासाठी स्वतः चालवतो, 2019 च्या ग्राहक कायद्यात ते बसतं. आधी 1915 च्या ग्राहक हेल्पलाइनवर, मग ग्राहक आयोगात जाईन. दुकानदार दुसरी कंपनी दाखवत होता, मीच तुमच्या नावावर अडून बसलो.

आणि परत जोडल्यावर सेटिंग उडते, ही तक्रार तरी कुठे लिहून घ्या, सहाही कॉलमध्ये कोणी घेतली नाही. फोन करायचाच तर हा मिक्सर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडून करा. शनिवारी पुन्हा लग्न आहे, संध्याकाळी 5 नंतर मी उचलणार नाही.